घरातले छुपे कान



गेले काही दिवस या मंडपात आपण काव्य, इतिहास आणि अध्यात्म या विषयांवरची व्याख्याने ऐकत आहात. त्यांच्या मागून घटस्फोट आणि घरातली हेरगिरी असा रूक्ष, किंबहुना थोडासा अमंगळ विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. विषयाचे नाव कळवले तेव्हा चालकांनी भीतभीतच विचारले होते की, याला श्रोते येतील काय? समोरच्या खुर्च्या भरलेल्या पाहून त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मात्र आपण इतक्या संख्येने आलात याचा आनंद मानावा की खेद, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

'भिंतीला कान असतात' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्या काळी भिंतीच्या कानामागे कोणीतरी माणूस असे. शेजारीण असे, जाऊबाई असे, फार तर माजघरात झोपेचे सोंग घेतलेली एखादी आत्याबाई असे. त्या कानाला झोप येई, कंटाळा येई, क्वचित दयाही येई. आज भिंतीला खराच कान बसवता येतो आणि त्याला यांपैकी काहीच येत नाही. काडेपेटीएवढे यंत्र दिवसरात्र ऐकत राहते, आणि ते बसवणारा बहुधा परका नसतो. ज्याच्याशी आपण सप्तपदी चाललो, तोच असतो किंवा तीच असते.

हे का घडते? माणसे एकाएकी वाईट झाली म्हणून नव्हे. आपल्याकडे काही समाजांत काडीमोडीची चाल पूर्वापार होती. पंचांपुढे प्रकरण येई आणि मिटे. पुढे कायदे झाले. बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि १९५५ साली साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला. कायद्याने दार उघडले, पण दारावर एक पहारेकरीही बसवला. त्याचे नाव पुरावा. क्रूरता झाली म्हणता, दाखवा. व्यभिचार झाला म्हणता, सिद्ध करा. १९७६ साली परस्परसंमतीची वाट खुली झाली. त्या वाटेने जाणाऱ्यांना एकमेकांची उणीदुणी कोर्टात काढावी लागत नाहीत. पण संमती म्हटली की दोन माणसे लागतात. एक तयार आणि दुसरे नाही, किंवा मुलाचा ताबा आणि पोटगी यांवर गाडे अडले, की पुन्हा पुरावा आला. आणि घराच्या चार भिंतींत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून आणायचा? तेव्हा माणूस यंत्राला साक्षीदार करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली व्यभिचार हा गुन्हा उरू दिला नाही, पण घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. त्यामुळे यंत्रांची मागणीही कायम आहे.

वकिलीच्या धंद्यात आमच्याकडे या तक्रारी घेऊन दोन प्रकारची माणसे येतात. काहींवर खरोखर पाळत असते. काहींवर ती नसते, पण आहे या भयाने त्यांनी जेवणखाण सोडलेले असते. दोघांचे दुःख खरे असते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे म्हणून वाटेला लावणे हा निर्दयपणा आहे. कारण तपासल्यावाचून कोण कोणत्या प्रकारचा, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. म्हणून तपास करावा. मात्र तो भीतीच्या हाती न देता रीतीने करावा.

पहिली रीत अगदी साधी, दोन आण्यांच्या वहीची आहे. घरातले पंखे आणि घड्याळे खोलण्यापूर्वी एक वही घालावी. समोरच्या माणसाला जी गोष्ट कळायला नको होती ती कोणती, ती त्याला केव्हा कळली, आपण ती कोठे, कोणाजवळ आणि कशाने बोललो होतो, हे तारीखवार लिहावे. ही वही घरात ठेवू नये, आणि मोबाईलमध्ये तर मुळीच लिहू नये. दहाबारा नोंदी झाल्या की त्यांच्याकडे पाहावे. सर्व गोष्टी एकाच खोलीत बोललेल्या आहेत काय? सर्व फोनवरच्या आहेत काय? की सर्व लिहून पाठवलेल्या आहेत? वाट सापडली की यंत्र सापडायला वेळ लागत नाही.

एका शिक्षिकाबाईंची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पती वर्षभर वेगळे राहत होते. वकिलांशी ठरवलेली प्रत्येक गोष्ट त्यांना दुसऱ्या दिवशी ठाऊक होई. बाईंनी भिंतीवरचे घड्याळ फोडून पाहिले, पलंगाची गादी उसवली, अखेरीस त्या बाल्कनीत उभ्या राहून कुजबुजत बोलू लागल्या. आम्ही त्यांना वही घालायला सांगितले. तीन आठवड्यांनी ती वही पाहिली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पतींना कळलेली एकूण एक गोष्ट बाईंनी कोणाला ना कोणाला लिहून पाठवलेली होती; नुसती तोंडी बोललेली एकही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. पुढचा शोध दहा मिनिटांचा होता. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेली एक जुनी टॅब वडिलांच्या घरी राहिली होती. ती आईच्याच खात्यावर चालत होती, आणि आईचे सारे संदेश तेथे आपोआप उमटत होते. घरात कान नव्हताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आम्हांला त्या दिवशी नव्याने कळली.

यावरून दुसरी रीत निघते. भिंती तपासण्याआधी आपण प्रेमाच्या दिवसांत वाटलेल्या किल्ल्या आठवाव्यात. संसार चालू असताना नवराबायको एकमेकांपासून किल्ल्या लपवीत नाहीत, आणि लपवूही नयेत. पण संसार मोडताना त्या परत घ्यायच्या राहून जातात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली उपकरणे' अशी एक यादी असते. तिच्यात आपला नसलेला संगणक आहे काय, ते पाहावे. गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यात ते खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडलेले आहे, ते दिसते. नकाशावर आपला ठावठिकाणा कोणाला कळत राहावा, याची परवानगी कधीकाळी काळजीपोटी दिलेली असते, ती काढून घ्यावी. फोन उघडण्यासाठी कोणाकोणाच्या बोटांचे ठसे नोंदलेले आहेत, हेही पाहावे. पुष्कळांच्या फोनमध्ये आजही त्या दुसऱ्या माणसाचे बोट जिवंत असते. आपण न घेतलेले एखादे ॲप फोनमध्ये असून त्याला पडदा वाचण्याची किंवा सारा फोन चालवण्याची परवानगी दिलेली दिसली, तर जाणकाराला दाखवावे.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून बदलावेत. ज्या फोनवर पाळत आहे त्यावरच नवी किल्ली घडवली, तर ती चोराच्या देखत घडते. आणि एक गंमत लक्षात ठेवावी. पासवर्ड विसरल्यास विचारला जाणारा प्रश्न असतो, तुमची पहिली शाळा कोणती, तुमच्या आईचे माहेरचे नाव काय. साऱ्या जगापासून लपणारी ही उत्तरे एका माणसाला पाठ असतात, तो म्हणजे आपला जोडीदार. तेव्हा तेथे खरे उत्तर देऊ नये.

आता घराकडे वळू. दाराशी चोरासाठी बसवलेला कॅमेरा, हुकूम केल्यावर गाणी लावणारा ध्वनिक्षेपक, बाळाच्या पाळण्यावर ठेवलेला कॅमेरा, या गोष्टी छुप्या नाहीत. पण त्यांचे खाते कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे. त्यानंतर लपवलेल्या यंत्राचा शोध. असे यंत्र कितीही लहान असले, तरी त्याच्या तीन गरजा असतात. त्याला वीज लागते, ऐकलेले किंवा पाहिलेले बाहेर पोचवण्याची वाट लागते, आणि कॅमेरा असेल तर समोर मोकळी नजर लागते.

विजेचा माग घ्यावा. घरातला प्रत्येक प्लग, चार्जर, जोडपट्टी, रात्रीचा दिवा एकेक करून पाहावा आणि विचारावे की, हा कोणी आणला आणि केव्हा? भिंतीतल्या यंत्राला सतत वीज मिळते. बॅटरीवरचे यंत्र मात्र काही दिवसांनी भुकेले होते, आणि त्याला खाऊ घालायला कोणाला तरी यावे लागते. मुलाला भेटायला आलेला माणूस दर खेपेस त्याच फोटोच्या चौकटीपाशी घुटमळत असेल, तर ती चौकट पाहण्यासारखी आहे. दुसरी गोष्ट वाटेची. यंत्र घरच्याच वायफायवर चालत असेल, तर राउटरच्या यादीत ते दिसते. त्या यादीतले प्रत्येक नाव घरातल्या वस्तूशी जुळवून पाहावे. स्वतःचे सिमकार्ड असलेले किंवा नुसत्या मेमरी कार्डावर टिपून ठेवणारे यंत्र या यादीत येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. तिसरी गोष्ट नजरेची. जेथे आपण बसतो, निजतो, कपडे बदलतो तेथे बसून समोर पाहावे; जी छिद्रे आपल्याला दिसतात, त्यांनाच आपण दिसतो. खोलीत अंधार करून विजेरी डोळ्याच्या रेषेत धरावी आणि हळूहळू फिरवावी. भिंग असेल तेथे एक बारीक ठिपका चमकतो. अंधारात पाहणारे बरेच कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. तो मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जांभळट पांढरा दिसतो. आपल्या फोनला तो दिसतो की नाही, याची परीक्षा टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून आणि त्याचे बटण दाबून घेता येते.

बाजारात लहरी शोधणारी यंत्रे मिळतात. ती घेऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण सदनिकांच्या इमारतीत शेजारच्या दहा वायफायमुळे ती सतत किंचाळत राहतात, आणि केवळ टिपून घेणाऱ्या, काहीच न पाठवणाऱ्या यंत्रापुढे गप्प बसतात. घाबरलेल्या माणसाच्या हाती असे यंत्र म्हणजे भुताच्या भीतीवर मांत्रिक.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकेच्या वकिलातीला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. वकिलांनी ते कौतुकाने आपल्या अभ्यासिकेत लावले. त्याच्या पोटात एक कान होता. त्याला बॅटरी नव्हती, तार नव्हती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की तेवढ्यापुरता तो जागा होई. १९५२ पर्यंत म्हणजे सात वर्षे तो कोणाला सापडला नाही. वीज शोधा हा आमचा नियम तेथे लटका पडला असता, हे कबूल केले पाहिजे. पण अशी करामत सरकारांची. घटस्फोटाच्या भांडणात ती सहसा येत नाही. आपल्या कामाचा धडा निराळाच आहे. ती भेटवस्तू होती, म्हणून तिच्याकडे संशयाने कोणी पाहिले नाही. वेगळे राहू लागल्यावर आलेले घड्याळ, दिवा, मुलाचे खेळणे यांकडे एकदा पाहून घ्यावे.

घराबरोबर वाहनही पाहावे. आसनाखाली, डिकीत, चाकाच्या आतल्या बाजूस माग काढणारी चकती किंवा डबी असू शकते. हरवलेल्या किल्ल्या शोधण्यासाठी म्हणून २०२१ साली ॲपलने नाण्याएवढी एक चकती बाजारात आणली, आणि लोकांनी ती माणसे शोधण्यासाठी वापरली. त्यावर उपाय म्हणून ॲपल आणि गूगल यांनी मे २०२४ पासून दोन्ही प्रकारच्या फोनांत सूचनेची सोय केली. अनोळखी चकती आपल्याबरोबर फिरत आहे असे फोन म्हणाला, तर ती सूचना झटकून टाकू नये.

समजा, यंत्र सापडले. पहिली इच्छा होते ते जमिनीवर आपटावे. तसे करू नये. त्याच्यापाशी उभे राहून काही बोलू नये. जागेवरच त्याचे फोटो काढावेत, तारीख वेळ लिहावी, एखादा विश्वासू साक्षीदार बोलवावा आणि वकिलांना किंवा पोलिसांना कळवावे. त्यातले सिमकार्ड, मेमरी कार्ड, ठसे, हीच त्याची खरी जबानी. आणि जेथे मारहाणीची भीती आहे, तेथे एक सावधगिरी सर्वांहून मोठी आहे. यंत्र काढले, पासवर्ड बदलला, की पाळत ठेवणाऱ्याला ते त्या क्षणी कळते आणि त्याचा राग अनावर होतो. अशा वेळी आधी सुरक्षित जागा पाहावी आणि मग यंत्राला हात लावावा. मैत्रिणीच्या फोनवरून १८१ किंवा ११२ या क्रमांकावर बोलावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावे. फोन किंवा खाते फोडले गेले असेल, तर १९३० हा क्रमांक आहे.

आता कायदा काय म्हणतो? २००८ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. पतीने पत्नीचे तिच्या आईवडिलांशी व मैत्रिणींशी चाललेले फोनवरचे बोलणे टिपले होते. न्यायालयाने सांगितले की, ध्वनिमुद्रण खरे असले तरी ही कृती बेकायदा आहे आणि असा पुरावा चालणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि १४ जुलै २०२५ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पतिपत्नींमधल्या दाव्यात त्या दोघांचे आपसांतले बोलणे चोरून टिपलेले असले, तरी ते पुरावा म्हणून दाखल करून घेता येते. मात्र ते विषयाला धरून असले पाहिजे, आवाज कोणाचा हे पटले पाहिजे आणि त्यात फेरफार झालेला नसला पाहिजे. जोडपे एकमेकांवर पाळत ठेवू लागले, हेच संसार मोडल्याचे लक्षण आहे, असेही न्यायालयाने म्हटले.

पुष्कळांनी या निकालाचा अर्थ 'आता हेरगिरी खुली झाली' असा लावला. तो बरोबर नाही. पुरावा दाखल होणे वेगळे आणि तो मिळवण्याची रीत निर्दोष ठरणे वेगळे. कोणाच्या शरीराचा खाजगी भाग संमतीवाचून चित्रित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. स्त्रीला खाजगी अवस्थेत चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. या कलमांत नवऱ्याला सूट दिलेली नाही. दुसऱ्याचे खाते परवानगीवाचून उघडणे हाही गुन्हाच. म्हणून ज्याच्या घरात कान सापडला त्याने, 'त्याने लावला, मीही लावतो' हा हिशेब करू नये. फिर्यादीचा आरोपी व्हायला एवढे एकच पाऊल लागते.

आणि या साऱ्या पुराव्याची किंमत तरी किती? देवलांचे 'संशयकल्लोळ' आपण सर्वांनी पाहिले आहे. १९१६ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक शंभर वर्षांनंतरही जुने होत नाही. फाल्गुनरावांपाशी पुरावा होता, कृत्तिकेपाशीही पुरावा होता. दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि दोघेही साफ चुकले होते. एका तसबिरीने एवढा गोंधळ घातला, तर रोज चोवीस तासांच्या तसबिरी काय घालणार नाहीत? यंत्र वाक्य टिपते, त्या वाक्याआधीची दहा वर्षे टिपत नाही. रागाने उच्चारलेला शब्द ते जपून ठेवते आणि नंतर रात्रभर जागून ढाळलेले अश्रू, आवाज नसल्यामुळे, रिकामी जागा म्हणून सोडून देते.

शेवटी एका कानाविषयी बोलतो आणि आपली रजा घेतो. एका गृहस्थांनी आमच्या सांगण्यावरून घर तपासले, फोन तपासला, गाडी तपासली. कोठे काही नव्हते. तरी बातमी फुटतच होती. त्यांनी वही काढली. ज्या दिवशी सात वर्षांची मुलगी आईकडे राहून येई, त्याच्या दुसऱ्या दिवशी बातमी फुटे. कोणी काही दुष्टपणा केला नव्हता. आई नुसते विचारी, "घरी कोण आले होते ग? बाबा फोनवर काय म्हणत होते?" मुलगी खरे बोले, कारण आईवडिलांनी तिला खरे बोलायला शिकवले होते. ते गृहस्थ आमच्यासमोर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि ती आली की मीही तेच विचारतो."

यंत्र सापडले की काढून टाकता येते. मुलाचे काय करणार? दोन घरांत ऐकण्यासाठी आणि सांगण्यासाठी पाठवले जाणारे मूल लवकरच गप्प बसायला शिकते, आणि एकदा शिकले की मग कोणाशीच बोलत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच आहे. पाळतीची शंका असेल, तर घर अवश्य तपासा. वही घाला, किल्ल्या परत घ्या, वीज शोधा, सापडलेल्या यंत्राचा पंचनामा करा. कुटुंब न्यायालयात दोघांपैकी एकाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, तो हक्कही मागून घ्या. पण ज्या दिवशी मूल दुसऱ्या घरून परत येईल, त्या दिवशी त्याला एकच प्रश्न विचारा: "जेवलास का?" त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोर्टात दाखल होत नाही, आणि म्हणूनच ते मूल मनापासून देते.